चपलांची पायरी

खोक्यात आठ वस्तू आणि चार स्क्रू होते. कॅमेरा असलेली डोअरबेल एक, ती भिंतीवर बसवायची पट्टी एक, चार्जिंगची वायर एक, रंग बदलणारे बल्ब तीन, या सगळ्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारी पांढरी डबी एक, आणि मराठी सोडून सहा भाषांतलं माहितीपत्रक एक. मी सगळं माजघरातल्या चटईवर ओळीनं मांडलं आणि पुन्हा मोजलं. खोक्यावर मात्र स्क्रू पाच लिहिले होते.

"पाचवा हा बघ," महानंदाआत्या म्हणाली. सांडलेल्या सुया गोळा करायला तिच्या मांडीजवळ एक लोहचुंबक पडलेलं असे, त्याला तो जाऊन चिकटला होता. "राजी, एवढं सगळं लागतंय व्हय घंटी वाजवायला? देवळात एका दोरीवर भागतंय."

"वाजवायला नाही आत्या. तुला ती दिसायला."

"घंटी दिसायला," ती म्हणाली आणि हसून पुन्हा सुईकडे वळली.

याला आता सात वर्षं झाली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि सुट्टीला गडहिंग्लजला आत्याकडे आले होते. आत्या वाकळी शिवायची. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हातानं टाके घातलेली गोधडी. आसपासच्या गावांतल्या बायका आईची, सासूची लुगडी गाठोड्यात बांधून तिच्याकडे आणत. कुणाच्या लुगड्याचा काठ कुठं बसवायचा हे ती त्या बाईला शेजारी बसवून ठरवी. त्यात अर्धा दिवस जाई आणि दोनदा चहा होई.

तिला ऐकू येणं मात्र कमी कमी होत गेलं होतं. समोर बसून, ओठ दिसतील असं बोललं की बहुतेक सगळं कळे. पाठमोरी असली की ढोल वाजवला तरी उपयोग नाही. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून बटणांच्या डब्यात असायचं.

त्या पावसाळ्यात एक प्रकार झाला होता. तिचा मुलगा, माझा बसूदादा, हैदराबादहून दिवसभर फोन करत राहिला. फोन उचलला गेला नाही. त्यानं शेजारच्या हत्तरकी काकांना सांगितलं. त्यांनी दार बडवलं. एरवी दिवसा दार नुसतं लोटलेलं असायचं, पण त्या दिवशी वाऱ्यानं सारखं उघडत होतं म्हणून आत्यानं कडी घातली होती. शेवटी कडी तोडून चौघं जण आत शिरले, तर आत्या माजघरात वाकळीवर वाकलेली. तिनं मान वर करून चौघांकडे बघितलं आणि विचारलं, "चहा टाकू का?"

बसूदादाला ही गोष्ट कुणी हसत सांगितली की तो फोन ठेवून द्यायचा. हे खोकं त्यानंच पाठवलं होतं. मी खोकं उघडलं त्याच संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला.

"आई, रविवारी मी येतोय. मोठी बॅग रिकामी घेऊन येतोय."

"रिकामी कशाला?"

"हे सगळं जोडून झालं आणि दारात कोण आलं ते तुला कळायला लागलं, तर रिकामीच परत नेतो. नाहीतर तुला भरून नेतो."

"मला बॅगेत?"

"तुझे कपडे गं." तो हसला नाही. "मी थट्टा करत नाही आई. मी घरी येतो तेव्हासुद्धा तुला कळत नाही. खांद्यावर हात ठेवला की तू दचकतेस आणि सुई बोटात घुसते. दर वेळी. मी आलो की तुझं रक्त निघतं."

आत्यानं सुई वाकळीत खोवली. "बरं," ती म्हणाली. "कोण आलं ते मला कळलं तर तू गप जायचं. ठरलं."

फोन ठेवल्यावर तिनं शिवताना घालायचं पत्र्याचं अंगुस्तान बोटात घातलं. "हैदराबादला सून चांगली हाय, नातू चांगला हाय. पण तिथं मला जुनं लुगडं कोण आणून देणार? तिथं सगळ्या ड्रेसवाल्या."

जोडायला दुसरा दिवस अख्खा गेला. बेल एका कंपनीची, बल्ब दुसऱ्या कंपनीचे, आणि दोघांना एकमेकांची ओळख करून घ्यायची नव्हती. पांढऱ्या डबीच्या ॲपमध्ये आधी बल्ब सापडले, बेल सापडेना. बेल सापडली तेव्हा बल्ब नाहीसे झाले. आत्या मधून मधून येऊन विचारायची, "जमली का सोयरीक?" संध्याकाळी जमली. बेल दाबली की आत्याच्या डोक्यावरचा माजघरातला पांढरा दिवा लाल होणार आणि दहा सेकंदांनी पुन्हा पांढरा. माजघराला खिडकी नव्हती, दिवसाही दिव्याशिवाय तिचं काम होत नसे. मला वाटलं, झालं.

मी बाहेर जाऊन बेल दाबली. आत आले. आत्या शिवत होती.

"दिवा लाल झाला, दिसला नाही?"

"मी वर कशाला बघू? माझी नजर टाक्यावर."

"मग टाक्यावर काही फरक पडला नाही?"

"पडला की. टाका गेला. मी शोधत होते. म्हटलं डोळेबी गेले का काय."

मी पुन्हा बाहेर जाऊन बेल दाबली आणि पळत आत आले. दिवा अजून लाल होता. आत्या पांढऱ्या अस्तरावर नेहमी तांबड्या दोऱ्यानं शिवायची. त्या उजेडात अस्तर लाल झालं होतं, दोराही लाल, आणि टाक्यांच्या ओळी पुसून टाकल्यासारख्या नाहीशा झाल्या होत्या. हे पुस्तकात मी कितीतरी वेळा वाचलं होतं, पण कुणाच्या मांडीवर झालेलं पाहिलं नव्हतं. मी तिला समजावलं की पांढरं कापड आणि लाल दोरा दोन्ही लाल उजेड सारखाच परत पाठवतात, म्हणून वेगळे दिसत नाहीत.

"म्हंजे टाका हाय, पण दिसत न्हाई."

"हो."

"माझ्या कानासारखंच की," ती म्हणाली आणि दिवा पांढरा झाल्यावर उगवलेल्या टाक्यांवरून बोट फिरवून बघू लागली. "बरं हाय हे. टाका गेला की उठायचं."

त्यानंतर मी दहा वेळा बेल दाबली आणि ती दहाही वेळा उठून दारात आली. शेवटच्या दोन वेळा तर कंबरेवर हात ठेवून. मग तिनं हळदीकुंकवाचा करंडा आणला, बेलला दोन बोटं लावली आणि वर जास्वंदीचं फूल खोवलं. नवीन वस्तू होती.

पुढचे दोन दिवस दिवा एकदाही लाल झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी कोथिंबीर आणायला निघाले तर हत्तरकी काका स्कूटर पुसत होते. "काय गं, नंदाक्का गेल्या काय पोराकडं?"

"नाही काका. आतच आहे."

"मग बरं. ती नूल गावची मल्लव्वा बाजारात विचारत होती. दोनदा येऊन गेली म्हणे."

मी कोथिंबीर न घेताच परत आले. बेलसमोर काही हललं की ती आपोआप छोटी क्लिप साठवून ठेवी. मी आत्यासमोर फोन धरला आणि आम्ही दोघी एकेक क्लिप बघू लागलो.

पहिल्या क्लिपमध्ये कुरिअरचा माणूस होता. तो बेलजवळ आला, त्यानं कुंकू बघितलं, फूल बघितलं, हात जोडले आणि पाकीट उंबऱ्यावर ठेवून गेला. दुसऱ्या क्लिपमध्ये भाजीवाली. तिनं बेलवरचं कुंकू बोटानं टिपून स्वतःच्या कपाळाला लावलं. तिसऱ्यात एक म्हातारा कॅमेऱ्याच्या भिंगात बघून मिशा नीट करत होता.

"हा कोण?"

"ओळखीचा न्हाई," आत्या म्हणाली. "पण मिशा चांगल्या हाईत."

मला हसू आवरेना. चौथी क्लिप सुरू झाली तशी ती एकदम पुढे सरकली. एक बाई कट्ट्यावर आली, बेलला नमस्कार केला आणि दाराच्या फटीतून हाक मारली. थोडा वेळ कट्ट्यावर बसली. पुन्हा हाक मारली. मी तेव्हा परसदारी असणार, तिथं पुढच्या दारची हाक पोचत नाही. मग बरोबरच्या मुलीला काहीतरी म्हणाली आणि निघून गेली.

"मल्लव्वा," आत्या म्हणाली. "काय म्हणाली ती?"

मी क्लिप पुन्हा लावून ऐकली. "म्हणाली, गेली असंल लेकाकडं. म्हातारपणी जायलाच लागतंय."

आत्यानं दोरा बोटाला गुंडाळून सोडवला, पुन्हा गुंडाळला. मग कोपऱ्यातली घडी घातलेली वाकळ उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "हिचीच ही. तयार होऊन आठवडा झाला. तिच्या आईची तीन लुगडी हाईत यात. लेकीचं पहिलं बाळंतपण हाय, बाळ त्यावर निजवायचं म्हणून घाई करत होती." तिनं वाकळीचा काठ सरळ केला. "आणि मी चार पावलांवर बसलेली."

मी उठून बेलवरचं कुंकू पुसलं. तिनं अडवलं नाही, फक्त फूल उचलून देवापुढे ठेवलं.

कुंकू पुसूनही काही फरक पडला नाही. संध्याकाळच्या क्लिपमध्ये स्वतः हत्तरकी काका होते, हातात फणस घेऊन. त्यांनी बेलकडे बघितलं, दोन हाका मारल्या, फणस कट्ट्यावर ठेवला आणि गेले. मी त्यांना जाऊन विचारलं.

"काका, बेल का नाही दाबलीत?"

"मी?"

"त्यासाठीच लावलीय."

"अगं, आपल्या माणसाच्या घरात बेल दाबून जायचं व्हय? बेल मीटरवाल्यानं दाबायची." त्यांना माझी दया आली असावी. "आम्ही हाक मारतोय की."

"पण तिला हाक ऐकू येत नाही."

"ते हायच," काका म्हणाले. "पण म्हणून हाक मारायची सोडायची काय?"

माझी चाचणी दहापैकी दहा वेळा जमली होती. दहाही वेळा बोट माझं होतं.

शुक्रवारी सकाळी मी दुसरा उपाय केला. बेल दाबण्याची वाटच बघायची नाही. समोर काहीही हललं की दिवा लाल. दहा वाजेपर्यंत आत्या सात वेळा दारात जाऊन आली. एकदा गल्लीतलं कुत्रं होतं, एकदा काकांची स्कूटर, एकदा गाय. बाकी वेळा अंगणातली कण्हेर वाऱ्यानं डोलत होती. आठव्या वेळी ती उठलीच नाही. मी परसदारातून आले तर माजघरात अंधार. भिंतीवरचं बटण बंद आणि आत्या उंबऱ्याच्या उजेडात येऊन शिवत बसलेली.

"आत्या, बटण बंद केलंस की सगळंच तुटतं. बल्बला वीज लागते."

"दिवा हाय का बहुरूपी? घटकेत लाल, घटकेत पांढरा. एका ओळीत चार टाके वाकडे गेले माझे." तिनं ती ओळ मला दाखवली. खरोखर वाकडी होती. "त्या कण्हेरीसाठी मी उठायचं न्हाई."

"कण्हेर तोडू का?"

"कण्हेर कशाला तोडतीस? ती काय आत यायला बघतीय?"

मी जाऊन पुन्हा सगळ्या क्लिपा काढल्या आणि कागदावर दोन रकाने आखले. एका रकान्यात आत्याकडे आलेले, दुसऱ्यात नुसते समोरून गेलेले. आत्याकडे आलेल्यांत कोण किती वेळ उभं राहिलं, किती जवळ आलं, हाक मारली का, हे लिहीत गेले. काहीच एकसारखं नव्हतं. मल्लव्वा बसली, काका उभे राहिले, भाजीवालीनं हाकही मारली नाही, दारावर थाप मारली. तासाभरानं चहा निवून साय धरली होती. मी मल्लव्वाची क्लिप पुन्हा लावली आणि या वेळी तिच्या तोंडाकडे न बघता खाली बघितलं.

कट्ट्याला तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर, डाव्या हाताला, मल्लव्वाच्या चपला. काकांच्या चपला तिथंच. भाजीवालीच्या तिथंच. मिशीवाल्याच्या पायात चपला तशाच होत्या. तो खालच्या पायरीवरून भिंगात बघून पुढे गेला होता. कुरिअरवाल्यानंही बूट काढले नव्हते. पण आत्याकडे आलेलं प्रत्येक माणूस, हाक मारायच्या आधी, मधल्या पायरीवर डावीकडे थांबलं होतं.

"आत्या, सगळे मधल्या पायरीवरच चपला का काढतात?"

"मग कुठं काढतील? खालच्या पायरीवर पाऊस लागतोय, वरच्या पायरीला मी रांगोळी काढते."

"आणि डावीकडेच?"

"उजवीकडं तुळस हाय." तिला प्रश्नच कळेना. "घरात यायचं तर चपला काढायलाच लागतात. त्यात काय लिहायचंय?"

ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रावर बोटानं चौकोन काढता येत होता. चौकोनाच्या बाहेर काहीही हललं तरी बेलनं तिकडे लक्ष द्यायचं नाही. मी मधल्या पायरीवर, तुळशीच्या पलीकडे, चपलांच्या एका जोडाएवढा चौकोन काढला. कण्हेर बाहेर राहिली. स्कूटर बाहेर राहिली. कुत्रं दिवसातून एकदा तिथं बसायचं. त्याच्यासाठी आत्या उठायला तयार झाली, कारण तेही भाकरी मागायलाच यायचं.

भिंतीवरच्या बटणाचा प्रश्न तिनंच सोडवला. उठताना दिवा बंद करायची तिच्या हाताला सवय होती. तिनं चिंधीची छोटी टोपी शिवली, तान्ह्या बाळाला घालतात तसली, आणि बटणावर चढवून नाडी बांधली. "आता हात गेला तरी टोपी लागंल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. आत्यानं शिवता शिवता हात थांबवला. "टाका गेला," ती म्हणाली आणि उठली. मी मागोमाग गेले. दारात मल्लव्वा उभी होती, हाक मारायला तोंड उघडलेलं.

"अगं बाई. हाईस की."

"मग कुठं जाणार?"

"लेकाकडं गेलीस म्हणत होते."

"कोण म्हणत होतं?"

मल्लव्वानं क्षणभर विचार केला. "मीच," ती म्हणाली.

वाकळ बघून ती कट्ट्यावरच बसली. तिनं ती उलगडली, आतल्या हिरव्या लुगड्याचा काठ शोधला आणि त्यावर गाल टेकवला. मग दोनदा चहा झाला. जाताना ती मला म्हणाली, "मी हाक मारायच्या आत आली बघ. म्हातारीला ऐकायला यायला लागलं काय?"

"पायरीला येतंय," मी म्हटलं. तिला ते पटलं असावं, कारण चपला घालताना तिनं पायरीला हात लावून कपाळाला लावला.

रविवारी बसूदादाची गाडी दहाला येणार होती. तो संकेश्वरहून वडापच्या जीपनं लवकरच आला, हे मला माहीत नव्हतं. मी परसदारी पाणी भरत होते. घागर घेऊन माजघरात आले तर आत्या जागेवर नव्हती. वाकळीत सुई नीट खोवून ठेवलेली होती, अंगुस्तान नव्हतं, आणि दिवा माझ्यादेखत लालचा पांढरा झाला.

पुढच्या दारात दोघं होते. बसूदादाच्या एका पायात बूट होता, एक बूट हातात. शेजारी भली मोठी रिकामी बॅग आडवी पडली होती.

"तुला कसं कळलं?" तो विचारत होता.

"बूट काढलास की."

"मी बेल दाबली नाही."

"तू कशाला दाबशील? तुझं घर हाय."

त्यानं दुसरा बूट काढला नाही. तसाच पुढे वाकून त्यानं आत्याचा हात हातात घेतला, बोटातलं अंगुस्तान काढलं आणि एकेक बोट उलटंसुलटं करून बघितलं.

"बघतोस काय?" आत्या म्हणाली. "टोचली न्हाई."

तो मान हलवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "राजी, चहा तरी टाक गं," आणि त्याचा आवाज थोडा वेगळा आला. आत्याला आवाज ऐकू आला नसावा, पण ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

दुपारी तो कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच चपला काढायला लावत होता. हत्तरकी काकांना तीनदा लावल्या. तिसऱ्या वेळी आत्या दारात येऊन म्हणाली, "आता कोण आलं तरी मी उठणार न्हाई."

संध्याकाळी निघताना त्यानं बॅग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आई, ही जड कशी?"

"एक वाकळ घातलीय. आणि शेंगदाण्याची चटणी."

"रिकामी नेईन म्हणालो होतो."

"माझे कपडे न्हाईत त्यात," आत्या म्हणाली. "तुझ्या लहानपणची लुगडी हाईत माझी. एसीत झोपताय म्हणं तुम्ही, पाय गार पडत असतील."

तो गेल्यावर मी सकाळची क्लिप काढली, दुसऱ्या फोनवर घड्याळ लावलं आणि तीनदा मोजलं. बसूदादानं मधल्या पायरीवर डावीकडे उजवा बूट काढला तिथपासून आत्याचा हात दाराच्या फळीवर दिसला तिथपर्यंत, तिन्ही वेळा एकोणीस सेकंद.